वाचकांचे प्रश्न : माल दुकानात जातो, पण उठतो का?

घरगुती पदार्थ, नमकीन, मसाले विकणाऱ्या आणि या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. इंदूर, देवास आणि उज्जैनहून आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. बहुतेकांनी आकडे कळवले, त्यामुळे उत्तरेही आकड्यांत देता आली.

प्रश्न : आम्ही लोकमान्य नगरात भाजणीची चकली करतो. आतापर्यंत दिवाळीत ओळखीच्या घरी जायची. २०० ग्रॅमच्या पाकिटाला सगळा मिळून ३१ रुपये खर्च येतो आणि ते आम्ही ५० रुपयांना देतो. आता एक स्टॉकिस्ट (माल घेऊन दुकानांना पुरवणारा वितरक) ती दुकानांत घालायला तयार आहे. दुकानदाराला २० टक्के आणि स्टॉकिस्टला ८ टक्के हवेत. ५० रुपये एमआरपी ठेवून हे परवडेल का?
— एक गृहउद्योजिका, इंदूर

उत्तर : नाही परवडणार. हिशेब एमआरपीपासून सुरू करून खाली उतरत करा. खर्चावर थोडा नफा चढवून एमआरपी ठरवली, तर मधल्या माणसांचे पैसे शेवटी स्वतःच्याच खिशातून जातात.

दुकानदाराला त्याच्या खरेदीवर २० टक्के सुटायला हवेत, म्हणून ५० ला १.२० ने भागा. त्याला पाकीट ४१ रुपये ६७ पैशांना पडायला हवे. त्याला १.०८ ने भागले की स्टॉकिस्टचा भाव निघतो, ३८.५८. यात ५ टक्के जीएसटी आहे (पाकीटबंद नमकीनवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला). तो वजा केला की ३६.७४ उरतात. नवीन मालाला दुकानात जागा मिळवायची तर ‘१२ वर १’ ही स्कीम बहुधा द्यावीच लागते. तेरा पाकिटांत एक फुकट म्हणजे ७.७ टक्के, इथे २.८३ रुपये. तुटफूट आणि परत येणारा माल ३ टक्के धरा, १.१० रुपये. भाडे पाकिटामागे १ रुपया धरा. हाती राहिले ३१.८१ आणि तुमचा खर्च ३१. म्हणजे पाकिटामागे ८१ पैसे. त्या ३१ रुपयांत तुमची स्वतःची मजुरी, गॅस आणि तळणीतून काढून टाकावे लागणारे तेल धरले आहे का, तेही तपासा. घरगुती हिशेबांत या तीन गोष्टी बहुतेक वेळा सुटलेल्या असतात.

दुकानदार ‘बीस टका’ म्हणतो तेव्हा तो खरेदीवर म्हणतो की एमआरपीवर, हे विचारून घ्या. एमआरपीवर २० टक्के असतील तर त्याला माल ४० रुपयांना द्यावा लागेल. पाकिटामागे १.६७ रुपयांचा फरक पडतो आणि तुमचे ८१ पैसे तिथेच संपतात.

मार्ग दोन आहेत. एमआरपी ६० केली तर याच पायऱ्यांनी ३८.३८ हाती येतात आणि ७.३८ सुटतात. किंवा ५० रुपयेच ठेवून वजन १७० ग्रॅम करा. पॅकिंगचे ४ रुपये धरले तर खर्च २६.९५ वर येतो आणि ४.८६ सुटतात. आमचे मत ६० रुपयांच्या बाजूने आहे. हाताने केलेली भाजणीची चकली घेणारा माणूस ती कारखान्याच्या मालाशी ग्रॅमला ग्रॅम लावून बघत नाही, पण पाकीट हलके झाले की जुन्या गिऱ्हाइकाला हातात घेताच कळते. दुकानात माळेसारख्या टांगलेल्या ५ आणि १० रुपयांच्या लडीच्या मालाचे उलटे असते. तिथे नाणे ठरलेले असते आणि ग्रॅम बदलतात. इंदूरच्याच प्रताप स्नॅक्सने ‘यलो डायमंड’ हा चिप्स-नमकीनचा ब्रँड मुख्यतः ५ रुपयांच्या पाकिटांवर वाढवला. तुमचा बाजार तो नाही, तिकडे जाऊ नका.

भाव पक्का होईपर्यंत छापील पाकिटे करू नका. पाकिटांच्या फिल्मवर करतात त्या रोटोग्रॅव्हर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि ऑर्डर मोठी द्यावी लागते. छापलेली एमआरपी स्टिकर लावून कमी करता येते, वाढवता येत नाही. सुरुवात कोऱ्या पाऊचवर लेबल चिकटवून करा. लेबलवर हे हवेच : पदार्थाचे नाव, उतरत्या प्रमाणात घटक, १०० ग्रॅमचे पोषणमूल्य, हिरवे चिन्ह, अन्नपरवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, दर ग्रॅमचा भाव (६० रुपयांना २०० ग्रॅम म्हणजे ०.३० रुपये), पत्ता, आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल. भाजणीत गहू असेल तर ॲलर्जीची सूचनाही द्या. कायद्याने हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो. मराठी त्याच्या जोडीला खुशाल छापा.

जीएसटीचे आणखी एक. फक्त मध्य प्रदेशात विकत असाल आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. पण स्टॉकिस्ट नोंदणीकृत असेल तर तुमच्या बिलावर त्याला कराची वजावट मिळणार नाही, आणि तो ती रक्कम तुमच्याच भावातून कापून मागेल. स्टॉकिस्टमार्फत जायचे असेल तर नोंदणी करून घेतलेली बरी.

प्रश्न : मी एका नमकीन कंपनीत सेल्स ऑफिसर आहे. देवास माझ्याकडे आहे. टार्गेट दर महिन्याला पूर्ण होते, पण तीन-चार महिन्यांनी मुदत संपलेला माल परत येतो आणि स्टॉकिस्ट एजन्सी सोडायची भाषा करतो. एप्रिलच्या सुरुवातीला त्याच्याकडे १४० पेट्या होत्या, ३०० घातल्या, महिनाअखेर २६० उरल्या. चुकते कुठे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : उत्तर तुमच्या तीन आकड्यांतच आहे. १४० अधिक ३०० वजा २६०, म्हणजे गोदामातून बाहेर गेल्या १८० पेट्या. टार्गेट ३०० चे झाले आणि बाजाराने उचलल्या १८०. उरलेल्या १२० पेट्या फक्त तुमच्या गोदामातून त्याच्या गोदामात गेल्या. २६० पेट्या महिन्याला १८० या वेगाने खपायला ४३ दिवस लागतात. चार महिन्यांच्या मुदतीचा माल दीड महिना तिथेच पडून राहिला, तर दुकानात पोचेपर्यंत तो जुना झालेला असतो. जुनी तारीख बघून दुकानदार तो मागच्या फळीवर ढकलतो.

इंदूरहून सकाळी निघालेला टेम्पो त्याच दिवशी देवासला पोचतो. स्टॉकिस्टकडे १५ दिवसांचा साठा पुरेसा आहे, म्हणजे ९० पेट्या. मग मे महिन्यात किती घालायच्या? २६० मधून १८० जातील, ८० उरतील, वर १० घाला. फक्त दहा. साहेबांना हे पटवणे कठीण जाईल, पण हाच हिशेब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा आणि परत आलेल्या मालाची रक्कम त्याच पानावर लिहा. एका महिन्याचे टार्गेट गेले तरी चालेल, एजन्सी जाता कामा नये.

आता त्या १८० पेट्या कुठे गेल्या ते स्टॉकिस्टच्या बिलांवरून काढा. महिन्याच्या शेवटच्या पाच दिवसांत स्कीमच्या जोरावर ७०-८० पेट्या तीन घाऊक व्यापाऱ्यांनी उचलल्या असतील, तर तो माल गिऱ्हाइकापर्यंत पोचलाच असे नाही. स्कीम दुकानदारापर्यंत न जाता घाऊकवाल्याच्या खिशात राहते आणि तो माल कमी भावात शेजारच्या भागात, कित्येकदा इंदूरच्या सियागंज या घाऊक बाजारातच परत येतो. मग तिथला स्टॉकिस्ट ओरडतो. पेटीवर बॅचबरोबर स्टॉकिस्टचा कोड मारला की असा माल ओळखता येतो.

दुसरे मोजमाप बीटचे, म्हणजे सेल्समनच्या आठवड्याच्या ठरलेल्या फेरीचे करा. दिवसाला ४० दुकाने आणि सहा दिवस, म्हणजे २४० दुकाने. ४० पैकी किती दुकानांत बिल फाटले? १६ असतील तर ४० टक्के. हा आकडा कमी असण्याचे कारण बहुतेक वेळा सेल्समनचा आळस नसते. मागच्या वेळी जास्त माल कोंबलेला असतो, म्हणून दुकानदार ‘अभी पड़ा है’ म्हणतो. ऑर्डर अंदाजाने न घेता अशी काढा : मागच्या आठवड्याची शिल्लक ६, तेव्हा घेतली ६, आज दिसतात ४, म्हणजे खपली ८. त्याच्या दीडपट, १२ पाकिटे दुकानात राहायला हवीत. ४ आहेत, ८ द्या. दुकानदार २४ घेतो म्हणाला तरी ८ च द्या. माल ठेवताना लवकर मुदत संपणारा पुढे, ताजा मागे.

स्टॉकिस्ट का वैतागला आहे तेही बघा. समजा त्याची विक्री महिन्याला ६ लाख आहे. ८ टक्क्यांनी ४८ हजार सुटतात. सेल्समन, टेम्पो, डिझेल, गोदाम मिळून ४० हजार गेले की ८ हजार राहिले, वर्षाचे ९६ हजार. त्याचे पैसे अडकलेत ४ लाख साठ्यात, अडीच लाख उधारीत आणि ५० हजार तुमच्या कंपनीकडे थकलेल्या क्लेममध्ये, म्हणजे स्कीम आणि परत मालापोटी कंपनीकडून यायच्या पैशांत. एकूण ७ लाखांवर पावणेचौदा टक्के परतावा, आणि मुदतबाह्य मालाची कटकट वेगळी. साठा निम्मा करा, गुंतवणूक ५ लाखांवर येते आणि तोच परतावा १९ टक्क्यांच्या वर जातो. विक्री एक रुपयाने न वाढवता तुम्ही त्याचा धंदा सुधारला. क्लेम महिन्याच्या आत मिळवून दिले तर तो इतर कंपन्यांच्या आधी तुमचा माल टेम्पोत भरेल.

प्रश्न : उज्जैनमध्ये आमचा मसाल्यांचा छोटा ब्रँड आहे. ठरलेली गिऱ्हाइके आहेत, पण विक्री तिथेच अडली आहे. जुन्या गिऱ्हाइकांनी अधिक घ्यावे म्हणून कूपन आणि लकी ड्रॉ करावा का?
— एक व्यावसायिक

उत्तर : करू नका. तो पैसा नव्या घरांत पाय ठेवायला वापरा. लहान ब्रँडला विकत घेणारी घरे कमी असतात आणि ती घरेही मोठ्या ब्रँडच्या गिऱ्हाइकांपेक्षा थोडी कमी वेळा घेतात. हा कल अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम मॅकफी यांनी १९६३ मध्ये मांडला आणि ब्रिटिश संशोधक अँड्र्यू एरेनबर्ग यांनी तो कित्येक वस्तूंच्या खरेदीत दाखवून दिला. ब्रँड वाढतो तेव्हा मुख्यतः घरे वाढतात आणि खरेदीची वारंवारता त्यांच्यामागून थोडीशी वाढते.

आपल्या गावात हे तपासता येते. चार वेगवेगळ्या मोहल्ल्यांत प्रत्येकी ५० घरी जा. ‘कोणता मसाला वापरता’ असे विचारू नका, डबा किंवा पाकीट दाखवायला सांगा. नुसते विचारले की लोक मोठे नाव सांगतात. समजा २०० पैकी २२ घरांनी तुमचा मसाला घेतला आणि वर्षाला सरासरी २.४ पाकिटे. मोठा ब्रँड १२० घरांत आहे, सरासरी ३.१. तुमची आजची विक्री ५३ पाकिटे झाली. कूपन देऊन या २२ घरांना मोठ्या ब्रँडइतकी सवय लावलीत, जे जवळजवळ कधीच होत नाही, तरी ६८ होतील. त्याऐवजी फक्त ८ घरे वाढली आणि सवय होती तीच राहिली, तरी ७२ होतात.

ती ८ घरे कशी येणार? तुमचा मसाला ज्या दुकानांत नाही त्या दुकानांतून. २० किंवा ५० ग्रॅमचे पाकीट ठेवा, म्हणजे अनोळखी गृहिणीला पहिल्यांदा घेऊन बघायला जड जाणार नाही. मात्र त्याआधी त्या २२ घरांना विचारा की दुसऱ्यांदा किती जणांनी घेतला. निम्म्यांनी एकदाच घेऊन सोडला असेल तर दुकाने वाढवायची घाई करू नका, आधी मसाला सुधारा.

प्रश्न : आमची शेव मुदतीच्या महिनाभर आधीच खवट होते. तेल तर चांगले वापरतो.
— एक नमकीन उत्पादक, पालदा, इंदूर

उत्तर : तीन ठिकाणी बघा. पहिले, कढईतले तेल. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारी द्रव्ये, वाढतात. कायद्याची मर्यादा २५ टक्के आहे, पण दोन-चार महिने टिकवायच्या मालासाठी त्याच्या बरेच आधी तेल बदला. मीटर मिळतो, रोज मोजा. दुसरे, सील. पाकीट बादलीत पाण्याखाली धरून दाबा, बुडबुडे आले तर गळती आहे. शेवेचा चुरा सीलमध्ये अडकणे हे गळतीचे नेहमीचे कारण आहे. तिसरे, फिल्म आणि नायट्रोजन. पारदर्शक पाकिटातून उजेड आत जातो आणि तेल लवकर बिघडते, म्हणून मेटलाइज्ड थर असलेली फिल्म घ्या. नायट्रोजन भरून आतला ऑक्सिजन २-३ टक्क्यांखाली आणा. पाकीट फुगलेले दिसते म्हणजे नायट्रोजन आहे असे समजू नका, ती नुसती हवाही असू शकते. गरम शेव पाकिटात भरत असाल तर आत दमटपणा धरतो, आधी पूर्ण निवू द्या.

प्रश्न : जाहिरातीला २ लाख रुपये आहेत. इंस्टाग्रामवर इंदूरच्या खाण्याबद्दल व्हिडिओ करणाऱ्यांना द्यावेत का? आमचे उपवासाचे पदार्थ आहेत.
— दोन भागीदार

उत्तर : आधी सांगा, इंदूरच्या किती दुकानांत तुमचा माल आहे? दहातल्या तीन दुकानांत असेल, तर व्हिडिओ बघून विचारायला गेलेले बहुतेक लोक ‘नहीं आता’ ऐकून परततील आणि पुन्हा विचारणार नाहीत. शिवाय असा व्हिडिओ भोपाळ आणि जबलपूरलाही दिसतो, जिथे तुम्ही नाहीच.

तुमच्या मालाचा मोसम ठरलेला आहे. श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र, आणि आपल्या मराठी घरांत आषाढी एकादशी व चतुर्थ्या. मोसमाच्या तीन आठवडे आधी माल दुकानात पोचायला हवा. सुमारे १ लाख रुपये दुकाने वाढवण्यावर आणि काउंटरवरच्या छोट्या स्टँडवर घाला. चाखण्यासाठी १५ ग्रॅमच्या पुड्या करा. पुडीला ४ रुपये धरले तर १०,००० पुड्यांचे ४० हजार होतात. वाटायची जागा अशी निवडा की शंभर पावलांवर तुमचा माल ठेवणारे दुकान असेल. चव आवडली आणि लगेच घेता आले तरच पुडीचे पैसे वसूल होतात.

उरलेल्या पैशांत व्हिडिओ करून बघा. पुड्यांचे वाटप मात्र मोजता येईल असे करा. सुदामानगर आणि तिलकनगरात पुड्या वाटा, तशाच वस्तीच्या दुसऱ्या दोन भागांत वाटू नका. दोन्हीकडे प्रत्येकी २० दुकानांतला आधीच्या चार आणि नंतरच्या चार आठवड्यांचा खप लिहा. वाटलेल्या भागात ३० टक्के वाढ झाली आणि न वाटलेल्या भागातही २२ टक्के, तर वाटपाची कमाई फक्त ८ टक्के. बाकीची एकादशीची.

प्रश्न : बी.कॉम. झाले आहे. मार्केटिंगमध्ये जायचे आहे. डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करू, एमबीए करू की कंपनीत सेल्सला लागू? घरचे म्हणतात, दुकानोदुकानी फिरण्यासाठी शिकलास का.
— एक विद्यार्थी, रामबाग, इंदूर

उत्तर : दुकानोदुकानी फिरणे हेच या व्यवसायाचे पहिले शिक्षण आहे, घरच्यांना हे मनापासून सांगा. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलच्या नील मॅकेलरॉय यांनी प्रत्येक ब्रँडसाठी स्वतंत्र माणूस असावा अशी टिपणी कंपनीत लिहिली. आजची ब्रँड मॅनेजरची जागा तिच्यातून आली. त्या टिपणीतला माणूसही विक्री कुठे कमी पडते हे भागाभागात जाऊन बघणारा होता.

दीड-दोन वर्षे सेल्समध्ये काढ. बीट, उधारी, क्लेम, स्कीम, मुदतबाह्य माल हे सगळे हाताखालून जाऊ दे. त्यानंतर एमबीए केलेस तर वर्गात शिकवलेले लगेच कळेल. आयआयएम इंदूर १९९६ पासून आपल्या गावात आहे, देवी अहिल्या विश्वविद्यालयाची आयएमएस ही व्यवस्थापन संस्थाही आहे. पुढची वाट साधारण अशी : सेल्स ऑफिसर, मग एरिया सेल्स मॅनेजर, किंवा तिथून वळून असिस्टंट ब्रँड मॅनेजर आणि ब्रँड मॅनेजर. वळायचे असेल तर लवकर वळ. सेल्समध्ये सात-आठ वर्षे गेली की ब्रँडच्या जागा मिळणे अवघड जाते. नुसता डिजिटलचा कोर्स केलास तर जाहिरात लावता येईल, पण माल का उठत नाही हे कळणार नाही.

एक्सेलमधले पिव्होट टेबल नीट शिक आणि एका पाकिटाचा एमआरपीपासून नफ्यापर्यंतचा हिशेब तोंडी करता यायला हवा. मुलाखतीत तो विचारतात. बायोडेटात ‘ब्रँडची ओळख वाढवली’ असे लिहू नकोस. ‘बीटमधली बिल होणारी दुकाने ९६ वरून १४० वर नेली, परत येणारा माल ४ वरून दीड टक्क्यावर आणला’ असे खरे आकडे लिही, आणि ते कसे झाले ते दोन मिनिटांत सांगता येऊ दे.

प्रश्न : ‘इंदौरी चटपटा’ हे नाव नोंदवता येईल का?
— एक वाचक

उत्तर : कठीण आहे. गावाचे नाव आणि चवीचे वर्णन यांनी बनलेले नाव वर्णनात्मक ठरते, आणि ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली हरकत येते. मनाने रचलेले, वस्तूशी संबंध नसलेले नाव शोधा. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर वर्ग २९ आणि ३० (खाद्यपदार्थांचे वर्ग) मध्ये मिळतीजुळती नावे बघा. लिहायला वेगळी पण ऐकायला सारखी नावेही अडतात. व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. तपासणीत नाव मान्य झाले की ते सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येते आणि ४ महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लावता येते. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी हातात येईपर्यंत पाकिटावर छापू नका, तो गुन्हा आहे.